कराडला उतरून शिराळ्याला

"वजन किती तुझं? खरं सांग हं, लायसन्सवर लिहिलेलं नको."

चार आसनी विमानात बसायच्या आधी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. साल २००७. मी तेव्हा सॅन होजेला ऑनसाइट होतो आणि आमच्या टीममधल्या एकाकडे खाजगी वैमानिकाचं लायसन्स होतं. दर दोन-तीन आठवड्यांनी तो बायको-मुलांना विमानात घालून कुठेतरी जायचा. विमान त्याचं स्वतःचं नव्हतं, क्लबचं होतं. आपण तासावर सायकल घ्यायचो तसं तो तासावर विमान घ्यायचा. त्या शनिवारी मुलं आजीकडे होती, मागची सीट रिकामी होती, म्हणून मला बोलावणं आलं. रीड-हिलव्ह्यू नावाच्या छोट्या विमानतळावरून उडायचं, समुद्राकाठी हाफ मून बे ला उतरायचं, जेवायचं आणि परत यायचं.

मी आपला प्रामाणिकपणे ७८ किलो सांगून टाकलं. त्याने ते एका कागदावर लिहिलं. त्याच्याखाली स्वतःचं आणि बायकोचं (तिला न विचारता, त्याला ते माहीत होतं, आणि याचा तिला राग आला नाही, हे मला विमानापेक्षा नवलाचं वाटलं). मग पेट्रोलचं वजन, माझ्या सॅकचं वजन. मग विमानाभोवती एक सावकाश प्रदक्षिणा. पंखाच्या खालून एका काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढून त्याने ते उजेडाकडे धरलं. पाणी आलंय का बघायला. आमच्या गावी डिझेलच्या फिल्टरखालचा नट ढिला करून ट्रॅक्टरवाला अगदी हेच बघतो.

विमान होतं सेसना १७२. जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान हेच. पहिल्यांदा उडालं १९५५ मध्ये आणि आजवर ४४ हजारांच्या वर बनली आहेत. उडताना भरून जास्तीत जास्त ११५७ किलो. त्यातलं साधारण साडेसातशे किलो ते स्वतःच. उरले चारशे. टाकी पूर्ण भरली तर पेट्रोलच १४४ किलो खातं. म्हणजे माणसं आणि सामान मिळून अडीचशे किलो. चार सीटा आहेत म्हणून चार माणसं बसतील असं नाही! आमचे दोन काका सदऱ्या-धोतरासह मागे बसले तर पुढे वैमानिकाला जागा उरेल, पण वजन उरणार नाही. चार मोठी माणसं न्यायची तर पेट्रोल कमी घ्यायचं, आणि पेट्रोल कमी घेतलं की लांब जाता येत नाही. शिवाय वजन नुसतं किती हे बघून भागत नाही, ते कुठे आहे हेही बघावं लागतं. सगळं जड सामान मागे गेलं तर शेपूट खाली राहतं आणि ते विमान सावरता येत नाही.

वीस-पंचवीस मिनिटांत पोचलो. गाडीने तासाच्या वर लागला असता. समुद्र, डोंगर वगैरे दिसलं ते दिसलंच, त्याचं वर्णन करत नाही. माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. आम्हाला कोणी अडवलं नाही. तिकीट नाही, पास नाही, चप्पल काढायला लावणारा शिपाई नाही. विमान उभं केलं, दोऱ्या बांधल्या, आणि चालत हॉटेलात.

रात्री घरी फोन केला आणि आबांना सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आपल्या कराडला उतरता येईल की रं तसलं इमान."

तर हा सगळा उद्योग त्या एका वाक्यामुळे.

आमचं गाव शिराळा. बत्तीस शिराळा म्हटलं की लोकांना नागपंचमी आठवते. काहींना समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आठवतो. सांगली जिल्ह्याचं पश्चिम टोक. एका बाजूला वारणा आणि चांदोलीचं धरण, दुसऱ्या बाजूला पेठ नाक्याचा हायवे. जिल्ह्याचं ठिकाण सांगली, पण कामाला जवळचं गाव कराड. आणि कराडला धावपट्टी आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं पोलिसपाटलाच्या घरी बंदूक आहे हे माहीत होतं. म्हणजे आहे, पण वापरताना कोणी बघितलेली नाही.

आबांनी मात्र बघितली होती. कराडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५ मध्ये बांधली ती कोयना धरणाच्या कामासाठी. धरण, बोगदे, डोंगराच्या पोटातलं वीजघर असं मोठं काम पाटण खोऱ्यात चाललेलं. इंजिनिअर, अधिकारी, मंत्री यांना लवकर पोचता यावं म्हणून ही सोय. १९६० च्या आसपास, आबा बारा वर्षांचे असताना, थोरल्या चुलतभावाच्या सायकलवर पुढे दांडीवर बसून शिराळ्याहून कराडपर्यंत गेले होते, फक्त विमान बघायला. दिवसभर थांबून एक आलं. कोण उतरलं ते आठवत नाही. "पंख्याचा वारा अंगावर आला," एवढंच सांगतात. आणि परत येताना दांडीने मांड्या सोलून निघाल्या तेही.

म्हणजे धावपट्टी आहे. लांबी बाराशे मीटरच्या वर. सेसना १७२ ला तिच्या निम्मी पुरते. कोल्हापूरचा विमानतळ तर त्याहून जुना, राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. सांगलीजवळ कवलापूरला एक होती, ती वापरातून गेली. तीन जिल्ह्यांत तीन धावपट्ट्या, मध्ये शिराळा. मग सॅन होजेचा माणूस शनिवारी बायको-पोरांना विमानात घालतो आणि पेठ नाक्यावरचा माणूस घालत नाही, हे असं का झालं? "पैसा" हे उत्तर मला पटकन सुचलं होतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. कारण सुरुवातीला आपण फार मागे नव्हतो.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून निघून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. पंचवीस किलो टपाल. भारतातली नागरी हवाई वाहतूक इथून सुरू झाली, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण ते विमान कोणतं होतं याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. ते होतं डी हॅविलँड पस मॉथ. हे टपालाचं विमान नव्हेच! १९२९ मध्ये उडालेलं हे विमान इंग्लंडमधल्या हौशी मालकांसाठी बनवलं होतं. बंद केबिन, वरती पंख, १२० अश्वशक्तीचं इंजिन, वैमानिक धरून दोन-तीन माणसं. तेल उडून कपडे खराब होऊ नयेत, बाईमाणसाला टोपी-चष्मा चढवावा लागू नये, म्हणून बंद केबिन. आणि पंख मागे दुमडता येत, म्हणजे घराशेजारच्या शेडमध्ये ठेवता यावं. शनिवार-रविवारी पाहुण्यांकडे जायचं विमान ते. आजच्या भाषेत, कुणीतरी वॅगन-आर घेऊन कुरियर कंपनी काढावी तसा प्रकार.

पुढचा किस्सा पुणेकरांसाठी. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. मग टाटांची ती इवलीशी कंपनी विमानं, वैमानिक आणि मेकॅनिकांसकट पुण्याला येरवड्याच्या मैदानात मुक्काम हलवायची. चार महिने तिथून टपाल. आज येरवड्याच्या आयटी पार्कात बसून काम करणाऱ्यांनी खिडकीतून बाहेर बघताना हे आठवावं. मी आठवतो, कारण मीटिंगमध्ये दुसरं काही करण्यासारखं नसतं.

जेआरडींना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं १० फेब्रुवारी १९२९ ला, मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून. म्हणजे क्लब होता, विमानं होती, शिकवणारे होते. (इथे कोणीतरी हमखास विचारतं, "आणि तळपदे?" शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. माणूस खरा, खटपट खरी. पण विमान उडाल्याचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा नाही. मलाही ते खरं असतं तर आवडलं असतं. असो.)

त्याच १९३२ मध्ये, जेआरडींच्या थोडंच आधी, अमेरिकेत एक वेगळा प्रयोग झाला. जॉर्ज हचिन्सन नावाचा गृहस्थ. त्याने बायको, आठ वर्षांची मुलगी कॅथरिन आणि सहा वर्षांची जॅनेट ली यांना घेतलं, जमिनीवर आणि पाण्यावरही उतरणारं सिकोर्स्की विमान घेतलं आणि न्यूयॉर्कहून लंडनला निघाला. सरळ अटलांटिक ओलांडून नाही, तर लॅब्राडोर, ग्रीनलंड असे टप्पे घेत. बरोबर दिशादर्शक, रेडिओवाला, मेकॅनिक आणि चक्क सिनेमाचा कॅमेरावाला. वर्तमानपत्रांनी नाव दिलं 'उडतं कुटुंब'. अकरा सप्टेंबरला ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ विमान बर्फाळ समुद्रात उतरवावं लागलं. ते गेलंच. माणसं मात्र किनाऱ्याला लागली, आणि रेडिओवरची हाक ऐकून आलेल्या ॲबर्डीनच्या 'लॉर्ड टॅलबट' या मासेमारी बोटीने आठही जणांना वाचवलं. दोन्ही मुली सुखरूप.

लहान मुलींना असल्या प्रवासाला नेणारा बाप म्हणून हचिन्सनवर चौफेर टीका झाली. माझं मत विचाराल तर टीका रास्त होती. पण ही गोष्ट वाचताना मला आमच्या घरातलं एक वाक्य आठवत राहिलं. "पोरं बरोबर हायेत, जरा हळू." एसटीतून असो, जीपमधून असो, आई हे म्हणतेच. एकट्याने धाडस करणं वेगळं आणि घरची माणसं मागच्या सीटवर असताना करणं वेगळं. खाजगी विमानाच्या इतिहासात हा मुद्दा सतत येतो. विमान चालवणारा हौशी असतो. बसणारे विश्वासावर बसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्या इथे.

अमेरिकेत युद्धावरून परत आलेले हजारो वैमानिक होते आणि युद्धासाठी बांधलेल्या धावपट्ट्या गावोगाव पडून होत्या. कारखान्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. सेसना, पायपर, बीचक्राफ्ट या कंपन्यांनी जाहिराती केल्या त्या विमानाच्या नव्हे, सुट्टीच्या. टाय लावलेले बाबा, स्कर्टातली आई, दोन मुलं, एक कुत्रा आणि मागे विमान. मला सगळ्यात भावली ती शेतकऱ्यांची गोष्ट. १९४४ मध्ये ओक्लाहोमात 'फ्लाइंग फार्मर्स' नावाची संघटना सुरू झाली. शेतात गवताची पट्टी ठेवायची, तिच्यावरून उडायचं. पिकावर नजर, सुटा भाग आणायला तालुक्याला, आणि सुगी झाली की मंडळींना घेऊन दुसऱ्या राज्यात. म्हणजे हा खेळ नुसता लक्षाधीशांचा नव्हता. वाळव्यातल्या ऊसवाल्या बागायतदाराकडे जशी जीप, तसं त्यांच्याकडे विमान.

आपल्याकडे युद्ध संपल्यावर डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली आणि छोट्या-मोठ्या कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बऱ्याचशा तोट्यात गेल्या. १९५३ मध्ये कायदा करून सरकारने त्या सगळ्या ताब्यात घेतल्या, आणि विमान म्हणजे सरकारी गोष्ट झाली. परकीय चलन तुटपुंजं, त्यामुळे हौसेसाठी विमान आयात करणं जवळजवळ अशक्य. अन्नधान्य बाहेरून आणणाऱ्या देशाने सेसनासाठी डॉलर द्यावेत असं मी तरी म्हणणार नाही. तेव्हा तो निर्णय मला चूक वाटत नाही. चूक वाटते ती पुढची. परिस्थिती बदलल्यावरही आपण ते दार कुणी बंद केलं होतं आणि का, हे विसरून ते बंदच ठेवलं. जुन्या कोडमध्ये एखादी 'इफ' असते, ती कशासाठी लिहिली हे कोणालाच माहीत नसतं आणि काढायची हिंमत कोणी करत नाही, तसं.

प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याचं रोप लावलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४० मध्ये बंगळूरला. त्याच कारखान्यातून १९५८ मध्ये 'पुष्पक' नावाचं दोन आसनी, कापडाच्या पंखांचं, नव्वद अश्वशक्तीचं विमान बाहेर पडलं. दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या तिच्यावर शिकल्या. पण ते शिकायचं विमान. आई-बाबा आणि दोन पोरं त्यात बसत नाहीत. १९९३ मध्ये 'हंसा' उडालं. तेही दोन आसनीच. २०११ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने आणि महिंद्रांनी मिळून पाच आसनी विमान बनवलं, ते पहिल्यांदा उडालं ऑस्ट्रेलियात! आणि त्याचं उत्पादन पुढे सुरूच झालं नाही.

तोवर तिकडचाही फुगा फुटला होता. १९७८ मध्ये अमेरिकेत वर्षाला सतरा हजारांवर छोटी विमानं बनत होती. १९९४ मध्ये हजारही नाही. मंदी होती, पेट्रोल महागलं होतं. शिवाय तीस वर्षं जुनं विमान पडलं तरी लोक कंपनीवर खटला भरत. विम्याचा खर्च इतका वाढला की १९८६ मध्ये सेसनाने एका इंजिनाची पिस्टनवाली विमानं बनवणंच बंद केलं. १९९४ मध्ये कायदा आला, की विमान अठरा वर्षांपेक्षा जुनं असेल तर बनवणाऱ्यावर दावा नाही, तेव्हा कुठे कारखाना पुन्हा सुरू झाला. म्हणूनच २००७ मध्ये मी ज्या विमानात बसलो ते वयाने माझ्याएवढं होतं. सीटच्या कापडाला आमच्या शिराळ्याच्या एसटीचा वास होता.

आता कांदिवलीची गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मराठी गोष्ट वाटते.

अमोल यादव हे पेशाने वैमानिक, जेट एअरवेजमध्ये होते. १९९८ पासून त्यांनी विमान बनवायचा ध्यास घेतला. पहिलं जमलं नाही. दुसरं केलं, तेही उडण्यापर्यंत पोचलं नाही. तिसरं बनवायला घेतलं ते चारकोपच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर. पुन्हा लिहितो, गच्चीवर. आणि ते दोन आसनी शिकायचं नाही, सहा आसनी. म्हणजे आई, बाबा, दोन पोरं, आजी, आजोबा! हा आकडा अमेरिकन डोक्यातून आलेला नाही, असं मला उगीचच वाटतं. तिकडे कुटुंब चारात संपतं.

पदरचे पैसे घालून, घरच्यांच्या पाठिंब्यावर काम चाललं. गच्चीवर बनवलेलं विमान खाली कसं आणायचं? सुटं करून, क्रेनने. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं तेव्हा ते लोकांसमोर आलं आणि बघायला रांगा लागल्या. नोंदणी मात्र होईना. घरी बनवलेल्या विमानाचा अर्ज कोणत्या रकान्यात बसवायचा हेच ठरेना. यात वर्षं गेली. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली. एनएमडी म्हणजे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र. राज्य सरकारबरोबर पस्तीस हजार कोटींचा करार आणि पालघरला जमीन, या घोषणा झाल्या. २०१९ मध्ये उडायचा परवाना आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी.

त्या चाचणीची चित्रफीत मी आबांना दाखवली. त्यांनी दोनदा बघितली आणि विचारलं, "गच्चीला भेगा नाही गेल्या?"

एवढं सगळं वाचल्यावर मी शेवटी तेच केलं जे आमच्यासारखी माणसं करतात. एक्सेल शीट उघडली. पुण्याहून शिराळा, कराडमार्गे, चार जण, सेसना १७२. समजा माझ्याकडे लायसन्स आहे (किमान चाळीस तास उडायला हवं, त्यात वीस एकट्याने), समजा विमान भाड्याने मिळालं.

लोहगाव ते कराड सरळ रेषेत १४५ किलोमीटरच्या आसपास. ताशी दोनशे किलोमीटरने पाऊण तास. वा! आता खरं गणित. कोथरूडहून लोहगावला पोचायला तास-दीड तास. लोहगाव हवाई दलाचं, तिथे तुमच्या सोयीची वेळ चालत नाही. उड्डाणाचा आराखडा द्यायचा, हवाई संरक्षणाची परवानगी म्हणून एक नंबर घ्यायचा, तो आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. विमानाला प्रदक्षिणा, पेट्रोल, वजनं. याला दीड तास धरा. मग तो पाऊण तास. कराडला उतरल्यावर शिराळ्यापर्यंत वडाप किंवा कुणाची तरी गाडी, एक तास. बेरीज साडेचार तास. माझी गाडी पुण्याहून शिराळ्याला चार तासांत जाते आणि वाटेत साताऱ्याला मिसळ होते.

पेट्रोलचं बघा. तासाला तेहेतीस-चौतीस लिटर, म्हणजे लिटरला सहा किलोमीटर. भरलेल्या सुमोपेक्षा थोडं वाईट, फार नाही. पण हे साधं पेट्रोल नव्हे. विमानाचं, शिसं घातलेलं. ते भारतात बनतच नव्हतं, परदेशातून यायचं. इंडियन ऑइलने ते २०२२ मध्ये बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. गंमत म्हणजे त्याच वर्षीपासून माझ्या त्या रीड-हिलव्ह्यूला शिशाचं पेट्रोल विकणं बंद झालं, शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडतं म्हणून. मी तिकडे आकाशातून ज्या घरांची छपरं बघून खूश झालो होतो, तीच ती वस्ती.

शीटमधला शेवटचा रकाना मी लाल केला. त्यात लिहिलं होतं 'कधी जायचं'. आमच्या घरी सगळ्यांनी गावी जायचं म्हणजे नागपंचमीला. श्रावणात. असलं विमान डोळ्यांनी बघून उडवायचं असतं, ढगात शिरायचं नाही आणि अंधार पडायच्या आत खाली. श्रावणात शिराळ्याच्या पश्चिमेला सह्याद्री दिसतच नाही, नुसती एक करडी भिंत असते. म्हणजे जेव्हा जायचं तेव्हा उडता येत नाही, आणि मार्चमध्ये, जेव्हा आभाळ स्वच्छ असतं, तेव्हा पोरांची परीक्षा.

"बघू, जरा उघडलं की जाऊ" असं म्हणत निघणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी १६ जुलै १९९९ ची गोष्ट. जॉन केनेडी धाकटा, बायको आणि मेहुणीला घेऊन स्वतःच्या सहा आसनी पायपरमधून चुलत बहिणीच्या लग्नाला निघाला. रात्र, खाली समुद्र, हवेत धुरकट थर. क्षितिज दिसेना. नुसत्या यंत्रांवर विसंबून उडायची परवानगी त्याच्याकडे नव्हती. क्षितिज दिसलं नाही की कानातलं तोलाचं इंद्रिय खोटं बोलतं. विमान कलंडलेलं असताना माणसाला ते सरळ वाटतं. तिघेही गेले. लग्नाला वेळेवर पोचायची घाई कुठल्या घरात नसते?

लाल रकाना आबांना समजावून सांगितला. ते म्हणाले, "मग कराडचं वाढवणार हुते न्हवं? मोठं इमान येईल तवा जाऊ."

हे मात्र मला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. कराडची धावपट्टी वाढवायची चर्चा २०१२ नंतर जोरात सुरू झाली. वारुंजी, केसे, मुंढे या गावांची जमीन जाणार होती. ती माळरान नव्हे, कोयनेच्या पाण्यावरची बागायत. तिथल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. मी पुण्यात बसून दोन्ही बाजू वाचल्या आणि मला लक्षात आलं की माझ्या सहा आसनी स्वप्नाला त्यांची एक गुंठाही जमीन लागत नाही. जुनी पट्टीच पुरते. जमीन लागते ती मोठ्या विमानाला, ज्याच्यात मी तिकीट काढून बसणार. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पट्टी ठेवली ती स्वतःच्या विमानासाठी. इथे शेतकऱ्याने पट्टी द्यायची ती माझ्यासाठी. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. उद्या कुणी आमच्या वारणाकाठच्या दीड एकरावर असा नकाशा ठेवला तर आबा सही करतील का? मला उत्तर माहीत आहे, आणि त्यांनाही.

कोल्हापूरची विमानसेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढच्या वर्षी तिरुपतीला थेट विमान सुरू झालं, तसं मी आई-आबांचं तिकीट काढलं. बालाजीचा नवस होता, आईचा. आबा एकाहत्तर वर्षांचे, पहिलंच विमान, सत्तर आसनी, पण पंख्याचं. मुद्दाम खिडकी मागून घेतली होती. शिराळ्याहून उजळाईवाडीपर्यंत गाडीने सोडायला मी गेलो होतो. आत जाताना काठी तपासायला घेतली तेव्हा जरा चिडले.

रात्री फोन आला. दर्शन छान झालं, लाडू घेतले, आईला वरती कान दुखले. मी विचारलं, "आपली वारणा दिसली का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "मी उजवीकडं हुतो. तुझ्या आईच्या पल्याड असंल."

मग थोडं थांबून, "वजन मात्र कुणी इचारलं न्हाय."